लुंबिनी परदेशात येते का?

नोकरीची सगळी वर्षं मी लोकांना एकच प्रश्न विचारत हिंडलो : तुम्ही राहता कुठे? प्रश्न सोपा वाटतो. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं. आता निवृत्तीनंतर दुपारी अंगणात खाट टाकून पडतो, वर कडुनिंबाच्या फांद्यांमधून आभाळ हलताना दिसतं, आणि तोच प्रश्न मी स्वतःला विचारतो. उत्तर सुचण्याआधी डोळा लागतो.

मी नागपूरच्या पोलिस खात्यात होतो, पण चोरामागे धावणारा पोलिस नव्हे. माझ्या हातून आयुष्यात एकही चोर पकडला गेला नाही. एक सुटला मात्र, तोही माझ्याच दारातून माझीच सायकल घेऊन. साहेबांनी माझी प्रकृती ओळखून मला परदेशी नागरिकांच्या टेबलावर बसवलं आणि मी तिथेच रुजलो. लोक म्हणत, नागपुरात परदेशी माणसं असून असून किती असणार? पण होती. ब्रह्मदेशातून आलेली, आफ्रिकेतून आलेली, मिशनच्या दवाखान्यात काम करणारी, नवऱ्यामागे आलेली. त्यांनी आमच्याकडे नाव नोंदवायचं, दरवर्षी परवाना वाढवून घ्यायचा, देशाबाहेर जायचं तर सांगून जायचं. त्यांतल्या एखाद्याच्या मनाने घेतलं की आता आपण इथलेच व्हावं, की तो कलेक्टर कचेरीत नागरिकत्वाचा अर्ज करी. तो अर्ज फिरत फिरत आमच्याकडे येई. त्यावर शेरा असे : अर्जदार खरोखर इथे राहतो का, पाहून कळवावे.

ते पाहून कळवणं म्हणजे माझी नोकरी.

कायदा थोडक्यात सांगतो, घाबरू नका. अर्जदार भारतीय वंशाचा असेल तर त्या काळी अर्जाच्या लगेच आधीचे सहा महिने त्याने सलग देशात राहिलेलं असावं लागे, आणि निकाल लागेपर्यंतही इथेच राहत असावं लागे. वंशाने परका असेल तर बरीच वर्षं. कुणी लग्नाकार्याला, आजारपणाला चार दिवस बाहेर जाऊन आला तर सरकार फार ताणून धरत नसे. पण पोटापाण्यासाठी बाहेर गेला, तिथे राहून काम केलं, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि गंमत अशी, की ज्यांना इथलं व्हायची ओढ असे त्यांनाच त्यांचं काम बाहेर खेचून नेई.

मिशनच्या दवाखान्यात एक गोऱ्या सिस्टर होत्या. अर्ध्या नागपूरची बाळंतपणं त्यांनी केलेली. संस्था त्यांना मधूनच मायदेशी पाठवी, तिथल्या दवाखान्यात काम करायला, नवं काही शिकून यायला. त्या परतल्या की आमच्याकडची मोजणी शून्यावर. मी हे त्यांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या एका अडलेल्या बाईजवळ उभ्या होत्या. वळून म्हणाल्या, "काहून गा जमादार? मी गेली तं माहं मनबी गेलं का?" मी टोपी काढून हातात घेतली. त्यांनीच माझी सुटका केली, म्हणाल्या, "जा आता, इथं पोट्टं येऊन राहिलं." पुढे कितीतरी वर्षांनी त्यांचं काम झालं. तोवर त्यांचे केस कापसासारखे झाले होते.

उलट बाजूचीही माणसं भेटत. एक गृहस्थ परदेशात चांगले स्थिरावलेले. तिथलं सोडायचं नाही आणि इथलंही हवं, म्हणून भावाच्या बंगल्याचा पत्ता देऊन बसले. मी गेलो तेव्हा ऐसपैस झोपाळ्यावर बसून माझं स्वागत करत होते. बोलणं साखरेसारखं. पण घरचं कुत्रं माझ्याकडे पाहायला तयार नव्हतं, ते त्यांच्यावरच भुंकत होतं. मी चहा घेतला, कुत्र्याला मनातल्या मनात सलाम केला आणि बाहेर पडलो.

घर बघायची एक सवय लागते. माणूस जिथे खरोखर राहतो तिथे तो वस्तूंना लागलेला असतो. खाटेच्या सुतळीला त्याच्या अंगाचा खोलगटपणा आलेला असतो. दाढीचा आरसा त्याच्या उंचीवर टांगलेला असतो. दोरीवरचे कपडे, दाराशी काढलेल्या वहाणा, माठावरचं भांडं कुठल्या बाजूला पालथं घातलंय, शेजारीण त्याचं नाव घेताना आवाज चढवते की उतरवते, हे सगळं मी न विचारता पाहत असे. आधी कळवून कधी जात नसे. दुपारी जात असे, कारण नागपूरच्या दुपारी घरं सोंग करत नाहीत. उन्हाने रस्ते ओस पडलेले, खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यांच्यावर शिंपडलेल्या पाण्याचा तो थंड, गोडसर वास सगळ्या गल्लीभर. मी सायकलवरून त्या वासातून जात असे आणि डोक्यात अर्जावरची गावं फिरत : मंडाले, झांजिबार, मोंबासा. मी समुद्र कधी पाहिलेला नाही. पण इतक्या लोकांच्या ओसरीवर बसून तो ऐकला आहे की कधी कधी वाळ्याच्या पडद्यातून वारा आला की मला लाटाच ऐकू येत.

मोंबासा म्हटलं की मला गजभिये मायलेक आठवतात. हे सगळं लिहायला बसलो ते खरं तर त्यांच्यासाठीच.

जनाबाई गजभिये उत्तर नागपूरच्या एका वस्तीत राहत. नवरा तरुणपणी रेल्वेत फिटर म्हणून आफ्रिकेत मोंबासाला गेला, मागोमाग याही गेल्या. दयानंद तिथेच जन्मला. नवरा वारला आणि थोड्याच काळात इकडे छप्पन सालच्या दीक्षेची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली. त्या जहाजात बसून आल्या, दीक्षा घेतली आणि परत गेल्या नाहीत. मुलगा तिथे काकाजवळ राहून यंत्रांचं काम शिकत होता. पुढे तिकडे दिवस पालटले, बाहेरच्या लोकांना कामं मिळेनाशी झाली, तेव्हा तोही आईकडे आला. त्याच्या हातात ब्रिटिश पासपोर्ट होता, पण त्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये जाऊन राहायची सोय नव्हती. जन्मला तो देश आपला म्हणेना, ज्याचा पासपोर्ट तो देश आत घेईना. उरलं नागपूर. एकाच चुलीवरचं जेवणारी आई भारतीय आणि मुलगा परदेशी, अशी ती सत्तरीच्या दशकातली गोष्ट.

दयानंद दरवर्षी परवाना वाढवायला येई. उंच, शांत, कोपरापर्यंत ग्रीस गेलेला. हिंगण्याच्या एका कारखान्यात क्रेन दुरुस्त करायचं काम करी. दरवर्षी निघताना विचारी, "साहेब, यंदा नाही म्हणतलं तं मले कुठं धाडतील?" मी म्हणे, "असं कोणी धाडत नाही रे." पण पुढच्या वर्षी तो पुन्हा तेच विचारी. आईला तर त्या विचाराने घास उतरत नसे. शेवटी त्याने नागरिकत्वाचा अर्ज केला. सहा महिने कधीच उलटून गेलेत, म्हणाला.

मी पाहून कळवायला गेलो. पावसाळा नुकताच संपला होता. घराच्या दाराशी त्याचे कामाचे बूट. दोरीवर त्याचा खाकी शर्ट, अजून ओला. आरसा त्याच्या उंचीवर, खाटेला त्याचा खोलगटपणा. आत भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, समोर मेणबत्ती. घर मला स्वच्छ सांगत होतं, हा माणूस इथेच राहतो. मी मनातल्या मनात मजकूर लिहायलाही सुरुवात केली.

जनाबाईंनी पाण्याचा गडू दिला. बाई बोलकी. नळावरच्या बायांना मोंबासाचं जहाज, तिथले नारळ, तिथली गाडी असं सगळं ऐकवून त्यांनी गल्लीत नाव कमावलेलं. मी सहज विचारलं, "दयानंद कामावर गेला असेल?"

"हो जी, कामावरच," त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "लुंबिनीले हाय तो."

मी गडू खाली ठेवला. "कुठे?"

"लुंबिनीले, साहेब! भगवंत जनमले तिथं. कंपनीनं तिकडं क्रेन नेली, मोठा पूल बांधून राहिले म्हणते. अर्ज देल्ला अन् पोळ्याच्या आधी गेला. थांबा, दाखवतो तुमाले."

त्यांनी तसबिरीखालून एक छोटी पितळी डबी आणली. आत चिमूटभर करडी माती होती. ट्रकवाल्याच्या हाती मुलाने पाठवलेली. त्यांनी ती माझ्या डोळ्यांसमोर धरली, हात लावू दिला नाही.

"आई, लुंबिनी नेपाळात येते," मी म्हणालो.

"येते ना."

"म्हणजे परदेशात."

त्या हसल्या. लहान मुलाच्या प्रश्नाला हसतात तसं. "परदेश कायचा बाप्पा! परदेश म्हणजे मोंबासा. तिथं जायाले जहाज लागे. ओकून ओकून जीव जाये. हा तं ट्रकात बसून गेला, कोणं अडवलंबी नाही. अन् भगवंताचं गाव आपल्याले परदेश कसं होईन?"

मग मी दोरीवरच्या शर्टाचं विचारलं. तो शर्ट ओला होता, कारण पेटीत ठेवून वास येऊ नये म्हणून त्या दर आठवड्याला धुऊन वाळत घालत. बूट पुसून दाराशी ठेवत. घराने मला फसवलं नव्हतं. घराच्या हिशेबाने तो तिथेच होता.

परत येताना सायकल चालवायचं जिवावर आलं. मला त्या बाईचा राग आला, की बोलली नसती तर काय बिघडलं असतं? मग माझाच राग आला, मग नेपाळचा. शेवटी जे पाहिलं आणि ऐकलं तेच लिहिलं. माझं काम पाहून कळवायचं होतं. ठरवणारे वर बसले होते.

त्यांनी ठरवलं. अर्ज परत आला. शिवाय न सांगता देशाबाहेर गेल्याबद्दल दयानंदला समज मिळाली. नशीब, वरचे साहेब माणुसकीचे होते, परवान्याला हात लावला नाही. पण पुन्हा असं झालं तर परवानाही जाईल, असं त्यांनी बजावलं. दयानंद तातडीने परतला आणि माझ्या टेबलासमोर उभा राहिला. मला वाटलं, चिडेल. तो म्हणाला, "साहेब, क्रेनच्या शेंड्यावर चढलो का बरफाचे डोंगर दिसत. ढगासारखे. मले वाटलं आपण काही लांब आलो नाही." मग म्हणाला, "आईनं बोलणं सोडून देल्लं."

"तुझ्याशी?"

"सगळ्यायशी. नळावर जाते, पाणी घेते, वापस येते. कोणी पुसलं तं मले माहीत नाही म्हणते. माह्या तोंडानं पोराचं वाटोळं केलं म्हणते."

मोजणी त्या दिवसापासून पुन्हा सुरू झाली. कारखान्याला तो नेपाळातच हवा होता. त्याने नोकरी सोडली. घरासमोर टिनाची शेड टाकून शेतीचे पंप, पिठाच्या गिरण्यांची इंजिनं दुरुस्त करू लागला. क्रेनवर चढणारा माणूस जमिनीवर उकिडवा बसून काम करताना पाहिला की मला कसंतरी होई. मी मुद्दाम त्या गल्लीतून जात असे. थंडी गेली, पळस फुलला, ऊन तापायला लागलं. तो तिथेच. मी सायकलवरूनच ओरडे, "काय करून राहिला गा?"

"राहून राहिलो, साहेब."

त्याच्या राहण्यात आता भीती शिरली होती. चुलतभावाचं लग्न कुहीला होतं. आपल्याच जिल्ह्यातलं गाव, एसटी जाते. हा जायला तयार नाही. मी समजावलं, "अरे, कुही काय परदेशात आहे का?" तो गंभीरपणे म्हणाला, "तुमी म्हणता, ते ठीक हाय. पण लुंबिनीबी परदेशात नव्हती, साहेब." कळमेश्वरला एका इंजिनासाठी बोलावलं, तर इंजिनच बैलगाडीत घालून मागवून घेतलं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं आणि आम्ही हसलो. मग जेवताना बायकोने विचारलं, अजून किती महिने?

त्या महिन्यांत मला एक विचित्र सवय जडली होती. ओसाड दुपारी त्या शेडसमोरून जाताना मला भास होई की आपलं सगळं गावच कुणीतरी मोजणीला लावलंय. पानठेल्यावरचा म्हातारा, भिंतीच्या सावलीत झोपलेलं कुत्रं, ठोक ठोक करणारा दयानंद, सगळे नुसते राहताहेत, न हलता, कुणीतरी येऊन पाहून जावं म्हणून. माझी मात्र कुणी मोजणी करत नव्हतं. मी इथे जन्मलो एवढ्या एका गोष्टीवर माझं भागून गेलं होतं. त्याची तेव्हा मला थोडी लाजही वाटे.

सहा महिने पुरे होऊन वर थोडे दिवस गेले. त्याने नवा अर्ज केला आणि ऐन मे महिन्यात तो अर्ज फिरत माझ्याकडे आला. घरातल्या एका माणसाचा आणि शेजाऱ्यांचा जबाब घ्यायचा असे. शेजाऱ्यांनी भरभरून सांगितलं. गिरणीवाला तर म्हणाला, हा आता कुठे जात नाही हीच आमची तक्रार आहे. मग मी जनाबाईंकडे वळलो. त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. पदर तोंडाशी.

"आई, दयानंद इथेच राहतो ना?"

"मले माहीत नाही, साहेब."

शेडमधून हातोडीचा आवाज येत होता. दहा पावलांवर.

"तो आवाज कुणाचा?"

"मले काही माहीत नाही जी."

"आई, मी वानखेडे जमादार. मागे आलो होतो. तुम्ही पाणी दिलं होतं मला."

ते नाव आठवलंच असणार, कारण त्यांनी पदर आणखी घट्ट धरला. हातोडी थांबली. दयानंद दारात आला, कपाळावर काजळी, हातात पाना. मी त्याच्याकडे बोट करून विचारलं, "हा कोण?"

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या पेनाकडे. मुलाला ओळखलं तर त्याचं काही वाईट होईल, आणि नाही ओळखलं तरी होईल, असं काहीतरी त्या डोळ्यांत चाललं होतं. इतक्या वर्षांत मी नाना प्रकारचे खोटे जबाब ऐकले. एवढं प्रेमाने सांगितलेलं खोटं पुन्हा कधी ऐकलं नाही. मी पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवून दिलं.

"सांग ना वं, माय," दयानंद म्हणाला.

"सांगू?"

"सांग."

"माहा पोरगा हाय," त्या म्हणाल्या. आणि बांध फुटल्यासारख्या सुटल्या, "इथंच हाय साहेब, कुठीच गेला नाही. लग्नाले गेला नाही, बाजारात गेला नाही. पाणीबी मीच आणून राहिली, नळावर जाऊ देत नाही मी त्याले!" एवढं बोलून त्यांनी पुन्हा तोंडावर हात ठेवला, जास्त तर नाही ना बोलले अशा धास्तीने.

मी म्हणालो, "एवढं पुष्कळ आहे, आई." जबाब मी शेडमध्ये बसून लिहिला. त्यातल्या पाण्याच्या मजकुराची खरं तर गरज नव्हती, पण मी तोही लिहिला.

सरकारी काम आपल्या चालीने चालतं. पाऊस येऊन गेला, पोळा गेला. संत्र्यांच्या गाड्या रस्त्याला लागल्या तेव्हा कलेक्टर कचेरीतून कळलं, गजभियेचं झालं. त्याने शपथ घेतली, कागद घेतला. माझ्याकडे आला तो धुतलेल्या शर्टात, हात रॉकेलने घासून घासून लाल केलेले. टेबलावर चार संत्री ठेवली. "आता परवाना वाढवाले येत जाऊ का नको?" असं विचारून खुळ्यासारखा हसला. मी म्हटलं, "आता आलास तर चहा प्यायला ये." तो गेल्यावर टेबल फार रिकामं वाटलं.

दोन-चार दिवसांनी मी त्या गल्लीतून चाललो होतो. काम नव्हतं. सकाळचं कोवळं ऊन होतं, नळावर बायांची गर्दी. जनाबाई हंडा घेऊन रांगेत उभ्या, एकट्याच, गप्प. मला पाहताच त्या रांग सोडून आल्या.

"साहेब, कागद आला."

"कळलं मला, आई. फार बरं झालं."

"पक्का हाय ना? आता कोणी वापस घेत नाही ना?"

"कोणी घेत नाही."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. माझ्या हातांकडे पाहिलं, खिशाकडे पाहिलं. मग अगदी जवळ येऊन हळूच विचारलं, "आता बोलू का?"

मला एकदम समजेना. मग समजलं. म्हणालो, "बोला ना, आई. मनात येईल ते बोला."

त्यांनी हंडा खाली ठेवला. पदर खोचला. वर्षभर आतल्या आत धरून ठेवलेला श्वास सोडावा तसा एक मोठा श्वास सोडला आणि नळाकडे तोंड करून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आयका वं बायायनो! माहा पोरगा लुंबिनीले गेलता!"

बाया हंडे सोडून गोळा झाल्या. मी सायकल भिंतीला टेकवली आणि त्यांच्या मागे उभा राहिलो. ही गोष्ट मी आधी एकदा ऐकली होती, पण तेव्हा ती मला लिहून घ्यावी लागली होती.